सापळ्याचे तोंड कोणीकडे? गोदावरी-मांजरा खोऱ्यातील मासेमारीचा एक इतिहास

१/
मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की नांदेड-लातूरच्या ओढ्यांतून गढूळ पाणी वाहू लागते आणि मासे त्या प्रवाहाच्या उलट दिशेने, वरच्या अंगाला निघतात. मराठीत त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. ओढ्याच्या एखाद्या अरुंद जागी, दोन दगडांच्या मध्ये, माणूस बांबूच्या कामट्यांचा सापळा लावून घरी जातो आणि पहाटे परत येतो. आजचा धागा या सापळ्याविषयी आहे. तो कसा निवडावा, कसा जपावा, आणि राजांनी, कायद्यांनी व धरणांनी त्याच्या जगात कोणती उलथापालथ केली, हे पाहू. धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रथम अडचण येते ती पुराव्याची. किल्ला टिकतो, ताम्रपट टिकतो, हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर तांब्याचे गळही सापडतात. बांबूचा सापळा मात्र काही पावसाळ्यांत कुजून मातीला मिळतो. जिथे चिखलाने हवा कोंडून धरली तिथेच अशा वस्तू वाचतात. आयर्लंडमध्ये डब्लिन शहरातील नदीकाठच्या उत्खननात हेझलच्या काड्यांचे सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे सापळे मिळाले. आपल्या उष्ण, कधी ओल्या तर कधी कोरड्या काळ्या मातीत असे भाग्य सहसा लाभत नाही. म्हणून आपल्याकडील सापळ्याचा इतिहास इतर साधनांच्या आडून वाचावा लागतो.

३/
प्रथम रचना समजून घेऊ. सापळा म्हणजे कामट्यांची लांबट टोपली. तिच्या तोंडातून आत एक निमुळते नरसाळे गेलेले असते आणि त्याची आतली टोके मोकळी, लवचीक व अणकुचीदार ठेवलेली असतात. मासा रुंद बाजूने सहज आत शिरतो. कामट्या त्याच्या अंगाला लवून वाट देतात आणि मागे पुन्हा जवळ येतात. बाहेर पडण्यासाठी मासा टोपलीच्या कडेकडेने फिरत राहतो. मधोमध असलेले ते अरुंद भोक त्याला गवसत नाही. या यंत्रात हलणारा भाग जवळजवळ नाही. पकडण्याचे सारे काम माशाच्या स्वतःच्या सवयी करतात.

४/
हीच युक्ती जगभर आढळते. फिनलंडमध्ये तलाव गोठल्यावर बर्फाला भोक पाडून खाली सापळा सोडतात आणि ऐन हिवाळ्यात अंडी घालायला येणारा बर्बट नावाचा मासा त्यात धरतात. तिकडच्या सापळ्याचे नाव ‘कातिस्का’. आपल्या गोदावरीवर बर्फ कधी धरत नाही, तरी दोन्हीकडे सापळ्याची गरज एकाच कारणाने निर्माण झाली. बर्फाखालच्या पाण्यात माणूस उतरू शकत नाही आणि पुराच्या लोंढ्यात तो रात्रभर उभा राहू शकत नाही. जिथे माणसाला थांबता येत नाही तिथे त्याच्या वतीने सापळा थांबतो.

५/
आता निवड. सापळा पारखताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली आहे फट. दोन कामट्यांमधील अंतर म्हणजे नदीशी केलेला करारच. बोटभर फट ठेवली तर पिल्ले निसटतात आणि पुढल्या वर्षी मोठी होऊन परततात. फट गव्हाच्या दाण्याएवढी ठेवली तर त्या दिवशी टोपली भरते, पण पुढची वर्षे रिकामी होत जातात. झिंग्यांसाठी फट बारीक लागते, मरळीसाठी मोठी चालते. त्यामुळे ‘चांगला सापळा कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काय धरायचे?’ यावर जितके अवलंबून असते, तितकेच ‘काय सोडायचे?’ यावरही असते.

६/
दुसरी गोष्ट तोंडाची दिशा. सापळ्याचे तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवले तर वर चढणारे मासे त्यात येतात. वरच्या अंगाला वळवले तर पावसाळा सरताना शेतांतून, डबक्यांतून, नाल्यांतून नदीकडे परतणारे मासे येतात. फरक साधा वाटतो, पण परिणाम मोठा आहे. चढणीच्या माशांत गाबोळीने पोट भरलेल्या माद्या असतात. त्यांची अंडी अजून पाण्यात पडायची असतात. उतरणीच्या माशांचे ते काम उरकलेले असते. एकच टोपली, एकच ओढा; केवळ तोंड फिरवल्याने एक मासेमारी पुढच्या पिढीवर उठते आणि दुसरी तिला वाव देते.

७/
तिसरी गोष्ट जागा आणि वेळ. ओढ्याचे पूर्ण पात्र काटक्या-दगडांनी अडवून मधल्या एकाच वाटेवर सापळा ठेवला तर एकही मासा सुटत नाही. पात्राचा काही भाग मोकळा सोडला तर काही मासे पुढे जातात. वेळेचेही तसेच. सापळा रोज पहाटे उचलायचा असतो, कारण त्यात अडकलेला मासा जिवंत राहतो आणि नको असलेला परत सोडता येतो. कल्ल्यात धागा रुतवणाऱ्या जाळ्यात ही सोय नसते. मात्र सापळा उचलताना हात आत घालण्याची घाई करू नये. माशांच्या मागे दिवडही टोपलीत शिरलेला असतो. तो बिनविषारी असला तरी कडकडून चावतो.

८/
चौथी गोष्ट आयुष्य, म्हणजे जपणूक. बांबूचे दोन शत्रू: भुंगा आणि कूज. बांबूतील पिष्ट हे भुंग्याचे अन्न. म्हणून तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. पिष्ट विरघळून निघून जाते. कोवळा बांबू आकसतो, फार जून असला तर चिरताना तडकतो. हिरवी, कडक पाठ असलेली कामटी पाण्यात जास्त टिकते, आतील पांढरट गर लवकर सडतो. बांधायला अंबाडीच्या वाखाची दोरी ओली असताना आवळावी लागते, नाहीतर सापळा वाळल्यावर गाठी सैल पडतात.

९/
हंगाम संपल्यावरची निगाही ठरलेली. सापळा स्वच्छ पाण्याने धुवायचा, शेवाळ व खवले खरवडून काढायचे आणि सावलीत वाळवायचा. कडक उन्हात कामट्या वाकतात, फटी कमीजास्त होतात. मग तो चुलीच्या वर, आढ्याला टांगायचा. धुराने कीड लांब राहते आणि उंदीरही फिरकत नाही. मृगाच्या आधी उतरवून पाहायचे: नरसाळ्याच्या कामट्या अजून लवतात का? त्या ताठरल्या असतील तर मासा शिरणार नाही, मोडल्या असतील तर थांबणार नाही. नरसाळे बदलले की जुनी टोपली आणखी एक पावसाळा चालते.

१०/
हे ज्ञान दोन समाजांच्या हातांत वाटलेले होते. बांबू चिरून विणणारे बुरूड आणि पाण्याची, माशांची वाट जाणणारे भोई. भोयांकडे पालखी वाहण्याचे आणि उतारूंना नदीपार नेण्याचेही काम असे. पूल आणि आगगाडी आल्यावर ती कामे आटली आणि मासेमारीवरचा भार वाढला. दोन्ही समाजांचे ज्ञान तोंडी होते, लेखणी इतरांच्या हाती. म्हणून आता त्यांच्याच चार कसोट्या हाती घेऊन (फट, दिशा, वेळ, आयुष्य) लिहिलेल्या इतिहासाला प्रश्न विचारू.

११/
प्रथम अशोक. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने प्राणिहत्येवर मर्यादा घातल्या. चातुर्मासांच्या तीन पौर्णिमा आणि तिष्य पौर्णिमा या सुमारास तीन-तीन दिवस, तसेच उपोसथाच्या दिवशी, मासा मारू नये आणि विकूही नये, अशी आज्ञा त्यात आहे. याच लेखात ‘केवटभोग’ हा शब्द येतो, म्हणजे मच्छीमारांसाठी राखलेली जलक्षेत्रे. आपल्या चार कसोट्यांपैकी ही ‘वेळ’. आज्ञेमागची प्रेरणा धर्माची आहे. तरी तीन पौर्णिमांपैकी एक आषाढी आहे, म्हणजे ऐन पावसाळ्यातली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१२/
कौटिलीय अर्थशास्त्रात मच्छीमार येतो तो करदाता म्हणून. मासे धरणाऱ्यांनी नावेच्या वापरापोटी सहावा हिस्सा द्यावा, असे नावाध्यक्षाच्या प्रकरणात सांगितले आहे. राज्याला मोजता येते ते मिळालेले मासे. सुटलेले मासे कुठल्याच हिशोबात येत नाहीत. पण फट आणि दिशा यांचा सारा विचार सुटलेल्या माशांचाच असतो. राज्याची वही आणि बुरुडाची टोपली यांचे गणित इथेच एकमेकांपासून दूर जाते. पुढची दोन हजार वर्षे हे अंतर कायम राहिलेले दिसेल.

१३/
आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आजच्या बिदर जिल्ह्यात, कल्याणी चालुक्यांची राजधानी होती: आजचे बसवकल्याण. तिथे सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. पाच विंशतींत शंभर अध्याय असलेल्या या संस्कृत ग्रंथातील चौथी विंशती विनोदांची, म्हणजे राजाच्या करमणुकींची, आणि तीत ‘मत्स्यविनोद’ आहे. समुद्रातील व नदीतील सुमारे ३५ प्रकारचे मासे, गळ, दोरी, काठी, आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य, असा बारकावा त्यात आढळतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. अशोकाच्या स्तंभलेखातील मत्स्यविषयक आज्ञांवर लिहिणारेही तेच.

१४/
मत्स्यविनोद वाचून चकित व्हावे, पण त्याचा विषय विसरू नये. तो राजाचा छंद आहे, कुणाची उपजीविका नाही. राजाला एक मासा, त्याची झुंज आणि ती जिंकल्याचा आनंद हवा. सापळा लावणाऱ्याला घरच्यांच्या पोटापुरते मासे हवेत आणि पुढच्या पावसाळ्यातही हवेत. सोमेश्वरानंतर तीसेक वर्षांत याच कल्याणात बसवेश्वरांभोवती शरणांचा मेळा जमला. त्या परंपरेत अंबिगर चौडय्या हे नावाडी आणि मेदार केतय्या हे बांबूकाम करणारे होते. दोघांच्याही नावांआधी त्यांचा व्यवसाय लागला आहे. नाव हाकणारा आणि कामट्या विणणारा यांना आपला आवाज मिळाला तो राजाच्या ग्रंथात नव्हे, कन्नड वचनांत.

१५/
नदीखेरीज आणखी एक पाणी या प्रदेशात होते: तलावांचे. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर. तिसऱ्या कृष्णाशी त्याचा संबंध जोडला जातो आणि तिथला ‘जगत्तुंगसमुद्र’ तलाव त्या काळाची आठवण देतो. तलाव बांधला की पाणी साचते, आणि सांडव्यावरून जादा पाणी खालच्या ओढ्यात उतरते. पावसाळ्यात हा सांडवा म्हणजे माशांच्या ये-जा करण्याचा उंबरठा आणि सापळ्याची उत्तम जागा. जुन्या तलावांचे बांध मातीचे, मध्यम उंचीचे आणि अनेकदा उपनद्यांवर होते. मुख्य नदी मोकळी वाहत होती, हे पुढच्या तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

१६/
एकोणिसाव्या शतकात प्रथमच सरकारी अहवालात सापळा ठळकपणे आला, तो आरोपी म्हणून. फ्रान्सिस डे या इंग्रज शल्यचिकित्सक-मत्स्यतज्ज्ञाने १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल सादर केला. बारीक फटींचे सापळे, पात्रभर घातलेले बांबूचे अडसर आणि कोवळी पिल्ले उपसणारी जाळी यांमुळे मासे नष्ट होत आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. जाळ्याच्या छिद्रांना किमान माप असावे, असे त्याने सुचवले. या तक्रारीत तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. पारंपरिक साधन म्हणून प्रत्येक सापळा निष्पाप ठरत नाही. बारीक फटीची टोपली पूर्वीही होती आणि तिने पूर्वीही नुकसान केले.

१७/
१८९७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात मासेमारीचा कायदा झाला. सुरुंगाने आणि विषाने मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले. जमिनीत रोवलेले किंवा अन्य प्रकारे स्थिर केलेले जाळे, पिंजरा, सापळा अशा साधनांना त्यात ‘स्थिर साधन’ अशा अर्थाची संज्ञा आहे, आणि त्यांवर नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. व्याख्या वाचली तर कायद्याची धास्ती कळते. जे पाण्यात एका जागी उभे राहून माशाची वाट अडवते ते धोक्याचे, हा त्यामागचा विचार. विचार बरोबरच होता. प्रश्न एवढाच की पाण्यात उभी राहून वाट अडवणारी सर्वांत मोठी वस्तू कोणती?

१८/
हा कायदा नांदेड-लातूरला आपोआप लागू नव्हता, कारण हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. सीमा आणि कायदे असे बदलत राहिले. माशांच्या दृष्टीने मात्र त्याहून निर्णायक घटना कागदावर नव्हे, नदीच्या पात्रात घडत होत्या. त्या समजण्यासाठी नकाशा उघडावा लागेल.

१९/
मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, लातूर जिल्ह्यातून बिदरकडे जाते, मग तेलंगणात शिरून उत्तरेला वळते आणि नांदेड जिल्ह्याची सीमा आखत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे गोदावरीतून लातूरकडे चढणाऱ्या माशाला तेलंगणातील हा सारा वळसा घालून यावे लागे. १९३१ साली त्याच वाटेवर निजामसागर धरण पूर्ण झाले. पुढे त्याच्याही वर सिंगूर धरण आले. लातूरच्या ओढ्यात सापळा लावणाऱ्याला हे धरण कधी दिसलेही नसेल. पण मोठ्या नदीतून त्याच्या ओढ्याकडे येणारी वाट त्या वर्षापासून बंद होती.

२०/
गोदावरीचीही हीच गत. समुद्राजवळ दवलेश्वरम येथे आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ साली बंधारा पूर्ण झाला. बंधाऱ्यांमुळे समुद्रातून वर येणाऱ्या माशांची वाट अडते, हे फ्रान्सिस डे यानेही लिहिले होते आणि बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवण्याची मागणी केली होती. गरिबाच्या टोपलीवर बोट ठेवणाऱ्या अहवालातला हा दुसरा भाग कमी आठवला जातो. नंतर १९६३ साली नांदेडच्या खालच्या अंगाला पोचंपाडच्या श्रीरामसागर धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली पैठणचे जायकवाडी उभे राहिले, आणि नांदेड शहराशेजारी विष्णुपुरीचा बंधारा आला.

२१/
आता आपल्या चार कसोट्या धरणाला लावू. फट? भिंतीला फट नसते. दिशा? चढण आणि उतरण, दोन्ही अडतात. वेळ? पूर आला तर दरवाजे उघडतात, एरवी बारा महिने बंद. आयुष्य? सापळा काही पावसाळ्यांचा, भिंत कित्येक पिढ्यांची. १८९७ च्या कायद्याने ज्या स्थिर साधनाची धास्ती घेतली होती, त्याचे सर्वांत कडक रूप हेच ठरते. धरणांनी शेतीला आणि शहरांना पाणी दिले, हे नाकारण्याचा इथे हेतू नाही. मात्र मासे कमी झाले की दोष प्रथम टोपलीवाल्याकडे जातो. त्या हिशोबात भिंतही धरली पाहिजे.

२२/
मासे मग आले कुठून? १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. या यशामुळे मत्स्यबीज केंद्रात तयार करून जलाशयात सोडणे शक्य झाले. कटला, रोहू, मृगळ ही नावे आज नांदेडच्या बाजारात घरची वाटतात ती त्यामुळे. जलाशय ठेक्याने देण्याची आणि मच्छीमार सहकारी संस्थांची पद्धत रूढ झाली. सोय मोठी झाली, पण एक धागा तुटला. बाजारातल्या माशाला आता ओढा चढण्याची गरज उरली नाही, म्हणून ओढ्याची काळजी घेण्याचे कारणही क्षीण झाले.

२३/
त्याच काळात नायलॉन आले. तंगुसाचे जाळे हलके, स्वस्त, पाण्यात जवळजवळ अदृश्य आणि न कुजणारे. वाळवणे, धुरी देणे, दोर आवळणे, या साऱ्या निगेतून माणूस सुटला. पण न कुजणे हाच त्याचा मोठा दोष आहे. पुरात वाहून गेलेला बांबूचा सापळा थोड्याच काळात सडतो आणि मासे मोकळे होतात. हरवलेले तंगुसाचे जाळे खडकाला अडकून वर्षानुवर्षे मासे धरत राहते. ते उचलायला कोणी येत नाही. ज्या वस्तूला निगा लागत नाही, ती टाकून देणेही सोपे होते. जुन्या साधनाच्या जपणुकीत एक जबाबदारी गुंतलेली होती, ती अशी गळून पडली.

२४/
एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर. मांजरा धरण कोरडे पडले होते. माणसांच्या तहानेपुढे माशांचा विषय कोणी काढला नाही, ते स्वाभाविकच होते. तरी नदीचा इतिहास लिहिणाऱ्याने एवढे नोंदवावे: मोकळ्या नदीत दुष्काळात आटलेल्या पट्ट्यात खोल डोहांतून मासे पुन्हा पसरतात. जिथे वरखाली भिंती आहेत आणि डोह वाळूउपशाने बिघडले आहेत, तिथे पाऊस परतला तरी मासे आपोआप परतत नाहीत. ते विकत आणून सोडावे लागतात.

२५/
शेवटी एक आशेची, थोडी विचित्र गोष्ट. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. हेतू दोन राज्यांतील पाणीवाटपाचा, माशांचा उल्लेख ओघानेही नाही. पण तारखा पाहा. चढणीचा जवळजवळ सारा काळ आणि उतरणीचाही मोठा भाग त्यांत येतो. खाली श्रीरामसागर आणि वर विष्णुपुरी आहेतच, त्यामुळे मोकळा मिळतो तो मधला एक पट्टा. तरीही एवढे सिद्ध होते की भिंतीलाही ‘वेळ’ पाळायला लावता येते. अशोकाने पौर्णिमा मोजल्या, न्यायालयाने तारखा.

२६/
महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ते आपण स्वीकारले आहे. ओढ्यांना आणि बंधाऱ्यांना तोच न्याय का नसावा? चढणीच्या काळात काही दरवाजे उघडे, पात्राचा काही भाग मोकळा, पिल्ले सुटतील एवढी फट. यातील एकही कल्पना नवी नाही. चांगल्या सापळ्याच्या प्रत्येक निवडीत ती आधीपासून आहे. बांबूची टोपली आदर्श होती म्हणून नव्हे, तर तिच्या मालकाला पुढच्या वर्षीही त्याच ओढ्यावर यायचे होते म्हणून.

२७/
वाचकहो, एक विनंती करून थांबतो. तुमच्या गावात या सापळ्याला काय म्हणतात? तालुका बदलला की नाव बदलते आणि ही नावे विणणाऱ्यांबरोबर विसरली जात आहेत. गावात एखादे बुरूड किंवा भोई आजोबा-आजी असतील तर त्यांच्याजवळ बसा. शब्द, फटीचे माप, कोणत्या नक्षत्रात तोंड कोणीकडे ठेवत, हे त्यांच्याच बोलीत वहीत उतरवून घ्या. सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि श्रेयही द्या. मानसोल्लासाने राजाचा गळ नऊशे वर्षे जपून ठेवला. तुमची वही कामट्यांच्या टोपलीला तेवढे आयुष्य देऊ शकेल.

धागा समाप्त.